गुप्तविवाहाच्या वनस्पति आणि त्यांचा नामकर्ता कार्ल लिनीअस

थोर लोकांचीं चरित्रें वाचतांना त्यांनीं काय शोधलें, काय जिंकलें किंवा काय उभारलें इकडेच आपण बहुधा लक्ष देतों. त्यांना काय समजलें नाहीं आणि न समजलेल्या गोष्टीपुढें ते कसे वागले, हें आपण क्वचितच विचारतों. वस्तुतः माणसाची खरी पारख पुष्कळदां तेथेंच होते. स्वीडन देशांतील जगद्विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याचें चरित्र आम्ही या दृष्टीनें वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यानें हजारों वनस्पतींना नांवें दिलीं. परंतु ज्या वनस्पतींचें जीवित त्याला उलगडलें नाहीं, त्यांच्या समुदायाला त्यानें जें एक नांव दिलें तें आमच्या मतें विशेष मोलाचें आहे. तें नांव म्हणजे क्रिप्टोगॅमिया.

कार्लचा जन्म दक्षिण स्वीडनमधील स्मोलंड प्रांतांत, रोशुल्ट नांवाच्या खेड्यांत, ता. २३ मे १७०७ रोजीं झाला. त्याचा बाप निल्स हा ख्रिस्ती धर्मोपदेशक असून त्याला बागेचा मोठा नाद होता. त्या काळीं तिकडील खेड्यांतून आडनांवाची चाल नसे. मुलगा बापाच्या नांवावरून ओळखला जाई. निल्स विद्यापीठांत शिकावयास गेला तेव्हां त्याला आडनांव घेणें भाग पडलें, आणि घराण्याच्या जमिनींतील एका विशाल लिंडन वृक्षावरून त्यानें लिनीअस हें नांव धारण केलें. पुढें ज्यानें जगांतील झाडांना नांवें द्यावयाचीं त्याला स्वतःचें नांव एका झाडानेंच दिलें होतें!

लहानपणीं कार्ल रडूं लागला म्हणजे त्याच्या हातांत एखादें फूल दिलें कीं तो शांत होई, असें सांगतात. थोडा मोठा झाल्यावर तो दिसेल त्या झाडाचें नांव बापाला विचारी आणि लगेच विसरून जाई. तेव्हां बापानें त्याला ताकीद दिली कीं, सांगितलेलीं नांवें लक्षांत ठेवलीं नाहींस तर यापुढें एकहि नांव सांगणार नाहीं. या ताकिदीचें फळ काय झालें हें जगाला ठाऊकच आहे.

मुलानें आपल्याप्रमाणें धर्मोपदेशक व्हावें अशी आईबापांची इच्छा होती. त्याकरितां त्याला व्हेक्शो येथील शाळेंत घातलें. परंतु हिब्रू, धर्मशास्त्र वगैरे विषयांत त्याचें मन रमेना. पाय रानाकडे वळत. एकदां बाप शाळेंत चौकशीस गेला असतां शिक्षकांनीं त्याला सांगितलें कीं, हा मुलगा विद्येच्या उपयोगाचा नाहीं, त्याला एखाद्या कारागिराच्या हाताखालीं घालावें हें बरें. पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकविणाऱ्या त्या बापाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना पालकांनींच करावी. सुदैवानें त्याच गांवांत योहान रोथमन नांवाचा एक डॉक्टर होता व तो त्या शाळेंत शिकवीतहि असे. त्यानें निल्सची समजूत घातली कीं, हा मुलगा धर्मोपदेशक होणार नाहीं हें खरें, पण तो नांवाजलेला वैद्य होईल. एवढें बोलूनच तो राहिला नाहीं. मुलाला घरीं ठेवून घेऊन त्यानें त्याला शरीरशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांचे पाठ दिले. एका मुलाची नावड सर्वांना दिसली होती. त्याची आवड पाहणारा असा एकच निघाला.

इ. स. १७२७ मध्यें कार्ल लुंड येथील विद्यापीठांत गेला व दुसऱ्या वर्षीं उप्साला येथें आला. तेथें त्याचे दिवस फार हलाखींत गेले. फाटक्या जोड्यांत कागद घालून तो चाले. अशा स्थितींत इ. स. १७२९ मध्यें तेथील वनस्पतींच्या बागेंत एका वयोवृद्ध पंडिताची व त्याची गांठ पडली. हा पंडित ओलोफ सेल्सिअस. उष्णतामापकाच्या अंशांना ज्याचें नांव आहे त्या अँडर्स सेल्सिअसचा हा चुलता. मुलाचें ज्ञान पाहून त्यानें त्याला आपल्या घरीं आसरा दिला. त्या उपकाराची फेड म्हणून कार्लनें नववर्षाच्या भेटीदाखल त्याला एक छोटेंसें हस्तलिखित अर्पण केलें. त्याचा विषय होता वनस्पतींचे विवाह. फुलांतील पुंकेसर हा वर आणि स्त्रीकेसर ही वधू, या दोहोंच्या मीलनावांचून बी धरत नाहीं, हा विचार त्यापूर्वीं कांहीं विद्वानांनीं मांडला होता; कार्लच्या मनांत त्यानें कायमचें घर केलें. लवकरच, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्याला बागेंत विद्यार्थ्यांना वनस्पति दाखवून शिकविण्याचें काम मिळालें. इ. स. १७३२ मध्यें त्यानें उत्तरेकडील लॅपलंड प्रांताचा खडतर प्रवास करून तेथील वनस्पतींची पाहणी केली.

इ. स. १७३५ मध्यें तो हॉलंडांत गेला. तेथें त्यानें वैद्यकाची पदवी घेतली आणि त्याच वर्षीं लायडन येथें त्याचा सिस्टिमा नॅचुरी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ कसला, मोठ्या आकाराचीं दहाबारा पानेंच तीं! परंतु तेवढ्यांत प्राणी, वनस्पति व खनिजें या तिन्ही सृष्टींची मांडणी केलेली होती. वनस्पतींचे त्यानें चोवीस वर्ग पाडले. फुलांत पुंकेसर किती, ते लहानमोठे आहेत कीं सारखे, सुटे आहेत कीं जोडलेले, यावरून वर्ग ठरे. मोहरीच्या फुलांत सहा केसर असतात, त्यांपैकीं चार लांब व दोन आंखूड. म्हणून ती पंधराव्या वर्गांत. जास्वंदीचे सर्व केसर जुळून त्यांची एक नळी होते. म्हणून ती सोळाव्यांत. शाळेंतल्या मुलालाहि भिंग हातीं घेऊन मोजतां यावें अशी ही सोपी युक्ति होती. कांहीं सनातनी विद्वानांना ही विवाहाची भाषा अश्लील वाटली. सेंट पीटर्सबर्ग येथील सीगेसबेक यानें तर तिच्यावर कडक टीका केली. परंतु उपयोगी वस्तु निंदेनें मरत नाहीं. थोड्याच वर्षांत ही पद्धति युरोपभर पसरली.

आतां आमच्या मुख्य विषयाकडे वळूं. पहिले तेवीस वर्ग भरले तरी कांहीं वनस्पति बाहेरच राहिल्या. नेचे, मॉस म्हणजे पावसाळ्यांत जुन्या भिंतींवर दिसणारी मखमली हिरवळ, पाण्यांतील शेवाळ, दगडफूल, बुरशी, कुत्र्याच्या छत्र्या या सर्वांना फूल म्हणून नाहींच. मग केसर कशाचे मोजावयाचे? येथें कोणाहि पद्धतकाराला मोह पडावा कीं, फूल नाहीं, तर विवाह नाहीं, असें ठोकून द्यावें. अशा वस्तु कुजक्या पदार्थांपासून आपोआप उत्पन्न होतात असें मानणारे लोक त्या काळीं पुष्कळ होते. नेच्याला अदृश्य बी येतें व तें जवळ बाळगणारा माणूसहि अदृश्य होतो, अशी युरोपांतील खेडवळ लोकांची समजूत होती. लिनीअसनें यांपैकीं कोणताच मार्ग धरला नाहीं. त्यानें चोविसावा वर्ग केला आणि त्याला क्रिप्टोगॅमिया हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत क्रिप्टोस म्हणजे गुप्त आणि गामोस म्हणजे विवाह. ज्यांचा विवाह गुप्त आहे त्या वनस्पति, असा त्या शब्दाचा अर्थ.

या शब्दांतील बारकावा विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. उंबराला फूल नसतें असें लोक म्हणतात, आणि दुर्मिळ माणसाला आपण उंबराचें फूल म्हणतों. वास्तविक उंबराचीं फुलें फळाच्या पोटांत दडलेलीं असतात. फळ फोडून भिंगाखालीं धरलें कीं तीं दिसतात. नेच्याची गोष्ट तशी नाहीं. त्याला आंत नाहीं, बाहेर नाहीं, कोठेंच फूल नाहीं. तरीसुद्धां लिनीअसनें नाहीं हा शब्द वापरला नाहीं. गुप्त हा शब्द वापरला. नाहीं म्हणणारा मनुष्य दार लावून घेतो. गुप्त म्हणणारा दार लोटून ठेवतो, आणि पुढच्या माणसाला आंत यावयास वाट राहते. वनस्पतींत विवाह आहे, पण माझ्या दृष्टीला तो दिसत नाहीं, ही प्रामाणिक कबुली त्या एका शब्दांत आहे. तपशिलांत त्याची चूक झालीच. मॉसच्या देंठावरील बोंडाला तो पुंकेसर समजला व त्यांतील धुळीला पराग समजला. परंतु चूक तपशिलाची होती; दिशा बरोबर होती.

स्वदेशीं परतल्यावर इ. स. १७३९ मध्यें त्याचा सारा मोरीआ हिच्याशीं विवाह झाला आणि इ. स. १७४१ मध्यें तो उप्साला येथें प्राध्यापक झाला. ज्या गांवांत तो फाटक्या जोड्यांनीं हिंडला होता तेथेंच आतां शेंकडों विद्यार्थी त्याच्या मागोमाग रानावनांत जात आणि सायंकाळीं वाजतगाजत गांवांत परत येत. इ. स. १७५३ मध्यें त्याचा स्पीशीज प्लँटॅरम हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्यांत सुमारें ५९०० वनस्पतींची नोंद असून प्रत्येकीला दोन शब्दांचें सुटसुटीत नांव आहे. एक शब्द कुळीचा व दुसरा जातीचा, जसें आपल्याकडे आडनांव व नांव. नेचे व फुलझाडें यांच्या शास्त्रीय नांवांचा आरंभ आजहि याच ग्रंथापासून धरतात.

या ग्रंथाशीं आपल्या किनाऱ्याचाहि संबंध आहे. पूर्वीं कोचीन येथें व्हान ऱ्हीड नांवाचा डच अधिकारी होता. त्यानें मलबारच्या वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ करविला, तो इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत अॅमस्टरडॅम येथें छापला गेला. या कामांत इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याप्रमाणेंच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचें साहाय्य होतें. मूळ गोमंतकांतून तिकडे गेलेल्या समाजांतील या वैद्यांचें नागरी लिपींतील प्रमाणपत्र त्या ग्रंथांत छापलेलें आहे. लिनीअसनें हिंदुस्थान कधींच पाहिला नाहीं. आपल्याकडील पुष्कळ वनस्पति त्यानें या ग्रंथावरून ओळखल्या.

इ. स. १७५३ मध्यें त्यानें नांव दिलेल्या नेच्यांपैकीं एक आपल्या सह्याद्रीवर झाडांच्या खोडांना व कातळांना बिलगून वाढतो. त्याचीं बुडाजवळचीं वाळकीं, कांतरलेलीं पानें पाहून लिनीअसला आपल्या देशांतील ओक वृक्षाच्या पानाची आठवण झाली, आणि ओकच्या पानाचा नेचा अशा अर्थाचें नांव त्यानें त्याला दिलें. आपल्या लोकांना तींच पानें पाहून नवरदेवाच्या कपाळीं बांधावयाचें बाशिंग आठवलें, म्हणून त्यांनीं त्याला बाशिंग म्हटलें. ज्या वनस्पतीचें लग्न शास्त्रज्ञांना दिसेना तिच्या कपाळीं आपल्या रानांतील माणसांनीं आधींच बाशिंग बांधून ठेवलें होतें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे!

लिनीअसनें आपले शिष्य दूरदूरच्या देशांत धाडले. त्यांपैकीं कित्येक परत आले नाहींत. पीटर फोर्स्कॉल हा इ. स. १७६३ मध्यें येमेन देशांत तापानें मरण पावला. त्याच्या तुकडींतील उरलेले लोक मुंबईस आले आणि अखेर कार्स्टेन नीबुर हा एकटाच जिवंत स्वदेशीं पोहोंचला. योहान कोनिग नांवाचा दुसरा शिष्य दक्षिण हिंदुस्थानांत तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतींत वैद्य होऊन आला, व वनस्पति गोळा करीत करीत इ. स. १७८५ मध्यें याच भूमींत निवर्तला. आज वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत जीं नांवें आपण पाठ करतों त्यांतील कांहींची किंमत तरुणांच्या प्राणांनीं दिलेली आहे.

चरित्रलेखकानें दोष झांकूं नयेत. इ. स. १७५८ च्या सिस्टिमा नॅचुरीच्या आवृत्तींत लिनीअसनें मनुष्यजातीचेहि खंडवार भाग पाडले आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटवून दिले. आशिया खंडांतील लोक गर्विष्ठ व लोभी आणि युरोपांतील मात्र कल्पक, असें त्यानें लिहिलें. ज्या खंडांत त्यानें पाऊलहि टाकलें नव्हतें तेथील कोट्यवधि माणसांचा निकाल त्यानें एका ओळींत लावला! पुढील काळांत असल्या लेखनाचा आधार घेऊन वर्णाभिमानी लोकांनीं फार अनर्थ केले. आजचें शास्त्र हें वर्गीकरण साफ त्याज्य मानतें. एकाच पुरुषाच्या हातचीं हीं दोन कामें शेजारीं ठेवून पाहावीं. चिमूटभर मॉसविषयीं त्यानें आपलें अज्ञान ओळखलें, आणि तो शब्द टिकला. माणसांविषयीं त्याला सर्व समजलें असें वाटलें, आणि तें लिखाण त्याच्या कीर्तीला कलंक होऊन राहिलें.

स्वीडनच्या राजानें त्याला सरदारकी दिली. परंतु इ. स. १७७४ मध्यें त्याला अर्धांगाचा झटका आला आणि हळूहळू स्मरण नाहींसें झालें. आपलेच ग्रंथ वाचून तो त्यांची वाखाणणी करी, पण ते कोणाचे हें त्याला ओळखतां येत नसे, असें सांगतात. हजारों नांवांच्या या धन्याजवळ अखेरीस एकहि नांव उरलें नाहीं. ता. १० जानेवारी १७७८ रोजीं त्याचा अंत झाला. उप्सालाच्या मुख्य देवालयांत त्याचें दफन झालें. त्याचा संग्रह इ. स. १७८४ मध्यें जेम्स स्मिथ या इंग्रज तरुणानें विकत घेतला, आणि चार वर्षांनीं लंडन येथें लिनीअसच्या नांवाची संस्था स्थापन झाली. तो संग्रह आजहि तिच्याजवळ आहे.

आतां त्या गुप्त विवाहाचें पुढें काय झालें तें सांगतों. लिनीअसच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनीं, इ. स. १७८२ मध्यें, योहान हेडविग नांवाच्या डॉक्टरनें आपला ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. मॉसचे खरे नर व मादी अवयव त्यानें सूक्ष्मदर्शकानें दाखवून दिले, आणि बोंडांतील धूळ म्हणजे पराग नव्हे हेंहि सिद्ध केलें. म्हणूनच बहुतेक सर्व मॉसच्या नांवांचा आरंभ लिनीअसपासून न धरतां हेडविगच्या इ. स. १८०१ मधील ग्रंथापासून धरतात. इ. स. १८४८ मध्यें सुमिन्स्की या पोलिश गृहस्थानें नेच्यांतील मीलनाचें वर्णन केलें. आणि इ. स. १८५१ मध्यें लाइपझिग येथील विल्हेल्म होफमाइस्टर यानें या सर्व शोधांची संगति लावली. हा होफमाइस्टर बापाच्या पुस्तकांच्या व संगीताच्या दुकानांत काम करणारा, दृष्टीनें अधू, विद्यापीठांत न शिकलेला असा सत्तावीस वर्षांचा तरुण होता. पुढें हायडेलबर्ग विद्यापीठानें त्याला प्राध्यापक केलें.

त्याच्या शोधाचें सार असें. नेच्याच्या पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके असतात. त्यांतून धुळीसारखे कण गळतात. यांना बीजुकें म्हणतात. बीजुक म्हणजे बी नव्हे. बियांत गर्भ तयार असतो. नेच्याचें बीजुक ही केवळ एक पेशी असते. तें ओल्या जागीं पडलें म्हणजे त्यापासून नेचा उगवत नाहीं. नखाहूनहि लहान, हृदयाच्या आकाराचें एक पातळ हिरवें पातें उगवतें. नर व मादी अवयव असतात ते या पात्यावर. पावसाचा किंवा दंवाचा थेंब मिळाला कीं नरपेशी त्या पाण्यांत पोहत जाऊन अंड्याला मिळते, आणि त्या मीलनांतून जो अंकुर निघतो तोच आपल्या ओळखीचा नेचा. अशा रीतीनें एक पिढी मोठी व एक पिढी चिमुकली, एक बीजुकांची व एक विवाहाची, असा क्रम चालतो. लोक दीडशें वर्षें पानांवर विवाह शोधीत होते. तो चालला होता पायाखालच्या ओल्या मातींत.

विवाह उघडकीस आला तरी नांव मात्र गुप्तविवाहीच राहिलें. मराठी ग्रंथांत या वनस्पतींना अपुष्प किंवा अबीजी म्हणतात. हे शब्द सोयीचे आहेत. परंतु त्या वनस्पतींपाशीं काय नाहीं एवढेंच ते सांगतात. शिवाय हा एकच नैसर्गिक समूह नव्हे हेंहि आतां सिद्ध झालें आहे. बुरशी व अळंबी यांची स्वतंत्र सृष्टि मानतात. त्या वनस्पतींपेक्षां प्राण्यांना अधिक जवळच्या आहेत. गोड्या मसाल्यांत घालावयाचें दगडफूल म्हणजे तर बुरशी व शैवल यांचा एकत्र संसार आहे. नेचे हे मॉसपेक्षां बी धरणाऱ्या झाडांचे अधिक जवळचे आप्त ठरले आहेत. तथापि बीजुकांनीं वाढणाऱ्या या सर्वांचा अभ्यास एकत्र करण्याची वहिवाट असल्यामुळें, एक सोयीची मोट म्हणून हा शब्द विद्यापीठांत व वनस्पतिसंग्रहालयांत अजूनहि चालतो.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंत या शब्दाचा अर्थ विचारला तर फुलें व बिया न येतां बीजुकांनीं वाढणाऱ्या वनस्पति, असें उत्तर खुशाल लिहावें. तें बरोबर आहे. परंतु तो शब्द लिहितांना, ज्याला एकदां कारागिराच्या हाताखालीं घालावें असें ठरलें होतें त्या मुलाची आठवण ठेवावी. आपल्याला जें दिसत नाहीं तें नाहींच असें त्या एका जागीं तरी त्यानें म्हटलें नाहीं. आणि पालकांसहि आमची एवढीच विनंति आहे कीं, घरांतील एखाद्या मुलाच्या अंगीं कांहींच गुण नाहीं असें वाटूं लागलें, तर निकाल देण्यापूर्वीं नाहीं आणि गुप्त या दोन शब्दांतील अंतर क्षणभर मनांत आणावें.